न्हाणीघराची स्वच्छता : काही रूढ चुका व त्यांमागील शब्द

भाषेच्या अभ्यासास वाहिलेल्या पत्रिकेत न्हाणीघर धुण्याच्या रीतींची चर्चा व्हावी, हे प्रथमदर्शनी काहीसे विचित्र वाटण्याचा संभव आहे. तथापि या विषयात रसायनशास्त्राइतकाच शब्दार्थशास्त्राचाही भाग आहे. न्हाणीघर धुताना ज्या चुका वारंवार होतात, त्यांतील पुष्कळशा अज्ञानापेक्षा शब्दांच्या गोंधळातून उद्‌भवतात. आणि त्यांतील एकदोन चुका अशा आहेत की त्या माणसाच्या फुप्फुसांवर बेततात. म्हणून या विषयाकडे थोड्या बारकाईने पाहणे अवश्य आहे.

प्रारंभी स्थळवाचक शब्द घेऊ. मराठवाड्याच्या बोलीत, व विशेषतः छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) या शहरात, स्नानाच्या व शौचाच्या जागेला जितके शब्द आहेत तितके क्वचितच अन्यत्र आढळतील. मोरी, न्हाणी, न्हाणीघर, गुसलखाना, हमाम, पायखाना, संडास, शौचालय आणि आता बाथरूम, टॉयलेट, वॉशरूम. ‘गुसल’ हा अरबी शब्द धुण्याचा, ‘हम्माम’ हाही अरबी शब्द उष्णतेचा, तर ‘पायखाना’ हा फारसी समास निव्वळ पायाचा व घराचा निर्देश करून थांबतो. ‘शौच’ या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ शुचिता, म्हणजे पावित्र्य. जी क्रिया नावाने उच्चारावयाची नाही तिला पावित्र्याचे नाव द्यावे, हा मर्यादाशील भाषेचा नित्याचा मार्ग होय. ‘मोरी’ हा शब्द मात्र असा आडपडदा ठेवीत नाही. पाणी वाहून जाण्याचे भोक आणि त्या भोकाभोवतीची धुण्याची जागा या दोहोंना तो लागू पडतो. पाणी जाण्याची वाट हेच त्या जागेचे मर्म आहे हे तो सांगतो. ज्या न्हाणीघरात उतार चुकलेला आहे व पाणी कोपऱ्यात साचते, तेथे कितीही घासले तरी चार दिवसांत बुळबुळ येते, ही गोष्ट ‘मोरी’ म्हणणाऱ्या पिढीला कोणी शिकवावी लागली नाही.

‘बुळबुळ’ हा शब्द येथे जाणूनबुजून वापरला आहे. जुन्या घरगुती मराठीत अस्वच्छतेचे प्रकार निरनिराळ्या नावांनी ओळखले जात. भांड्यावर बसते ते किटण. साबणाचा व अंगाच्या तेलाचा होतो तो चिकटा. ओल्या दगडावर धरते ते शेवाळ. हाताला निसरडी लागते ती बुळबुळ. लोखंडाचा तो गंज. आणि तांब्याच्या घंगाळाच्या काठाशी, बंबाच्या पोटात जो पांढरा थर जमतो तो क्षार. ही यादी म्हणजे एक प्रकारचे वर्गीकरणच होते. प्रत्येक नावाबरोबर त्या त्या मळाचा उपायही ध्यानात राहत असे : किटणाला राख, तांब्याच्या डागाला चिंच, शेवाळाला खराटा व ऊन. अलीकडील जाहिरातींनी या सर्वांच्या जागी ‘डाग’ व ‘जंतू’ असे दोनच शब्द ठेवले आणि दोहोंवर एकच बाटली सांगितली. वर्ग नाहीसे झाले, तेव्हा उपायही एकच उरला. न्हाणीघरातील चुकांचे मूळ बहुतांशी येथे आहे.

या शहराच्या पाण्याचा विचार केल्यावाचून पुढे जाता येत नाही. सतराव्या शतकात मलिक अंबरने वसविलेल्या खडकी नगरास उत्तरेकडील टेकड्यांतून भूमिगत नहरींनी पाणी मिळत असे. आज शहराचा मुख्य पुरवठा १९७६ साली पूर्ण झालेल्या जायकवाडी धरणाच्या जलाशयातून, पैठणहून उपसून होतो. परंतु हे पाणी अनेक वस्त्यांना वर्षानुवर्षे काही दिवसांच्या अंतराने मिळत आल्यामुळे घरोघरी दोन गोष्टी आल्या : पाणी साठविण्याचे पिंप आणि बोअर. बोअरचे पाणी काळ्या पाषाणाच्या भेगांतून झिरपत येताना कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे विरघळलेले संयुग घेऊन येते. त्याला लोक जड पाणी म्हणतात. पाठ्यपुस्तके ‘दुष्फेन’ म्हणतात, आणि हा शब्द घडविणाऱ्याचे कौतुक केले पाहिजे; कारण ज्या पाण्यात साबणाला फेस येत नाही ते दुष्फेन, इतका नेमका अर्थ त्यात बसला आहे. (‘जड पाणी’ हे नाव अणुभट्टीतील एका निराळ्याच पाण्यालाही दिले जाते, हा आणखी एक घोटाळा.) दुष्फेन पाणी तापले किंवा आटले की पांढरा, कठीण थर मागे राहतो; तो कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडी होय. साबणाशी तेच पाणी मिळाले की करड्या रंगाचा न विरघळणारा साका तयार होतो व बादलीच्या काठाला आणि टाइलांना चिकटतो. हे दोन मळ दिसावयास जवळजवळ सारखे असले तरी त्यांचे स्वरूप भिन्न आहे, आणि उपायही भिन्न.

चुनखडीचा थर आम्लाने जातो. त्यासाठी तीव्र आम्लाची गरज नसते. बाजारात लिंबूफूल म्हणून मिळणारे सायट्रिक आम्ल कोमट पाण्यात विरघळवून फडक्याने त्या जागी लावावे व अर्धा तास राहू द्यावे, एवढ्याने नळाच्या तोंडाचा थर बहुधा सैल होतो. साबणाच्या साक्याला मात्र दोन पायऱ्या लागतात. आम्लाने त्यातील कॅल्शियम सुटते व मागे मेदाम्ल राहते. ते तेलकट असल्याने पाण्याने जात नाही. जागा धुऊन घेतल्यावर धुण्याच्या सोड्याचे ऊन पाणी वापरले म्हणजे त्या मेदाम्लाचाच पुन्हा साबण बनतो व तो वाहून जातो. ही पायऱ्यांची गोष्ट महत्त्वाची आहे, कारण येथे एक फार लोकप्रिय चूक होते : व्हिनेगर वा लिंबू आणि सोडा एकदम मिसळतात. फसफसणारा फेस पाहून मन प्रसन्न होते, परंतु तो फेस म्हणजे दोन्ही पदार्थांनी परस्परांना निकामी केल्याची खूण होय. मागे जे उरते ते जवळजवळ साधे खारट पाणी असते.

फेसाचा हाच भ्रम दुसऱ्या एका ठिकाणी अधिक महाग पडतो. या शहरातील जुन्या वाड्यांत, वसतिगृहांत, सरकारी वसाहतींत व शाळांत मोऱ्यांना शहाबादी फरशी आहे. शहाबाद हे आज कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्यात असले, तरी १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत ते व औरंगाबाद ही दोन्ही हैदराबाद संस्थानात, नंतर हैदराबाद राज्यात होती. त्यामुळे तो दगड मराठवाड्याच्या घरांत परका वाटत नाही. (‘फर्श’ म्हणजे मुळात अंथरलेली वस्तू, दगड अंथरला म्हणून फरशी.) ही शहाबादी म्हणजे चुनखडीचाच दगड. तिच्यावर आम्ल ओतले की बुडबुडे येतात, आणि ओतणारा म्हणतो, ‘पाहा, कशी घाण निघते आहे!’ निघत असते ती फरशी. हिशेब अगदी सरळ आहे. शुद्ध हायड्रोक्लोरिक आम्लाचे ७३ ग्रॅम हे चुनखडीचे १०० ग्रॅम विरघळवितात. शौचकूप धुण्याच्या सामान्य द्रवात हे आम्ल शेकडा १० च्या आसपास असते. म्हणजे अर्धा किलो द्रवाची एक बाटली शहाबादीवर रिकामी केली, तर सुमारे ७० ग्रॅम दगड मोरीतून वाहून जातो. फरशीचा गुळगुळीत पृष्ठ जाऊन ती खरबरीत होते. खरबरीत फरशीत मळ अधिक धरतो. अधिक मळ दिसला की अधिक आम्ल आणले जाते. संगमरवर, संगमरवरी चिपांची मोझेक फरशी व टाइलांमधील सिमेंटची सांध या सर्वांची हीच गत होते.

लिंबू व चिंच ‘नैसर्गिक’ आहेत म्हणून शहाबादीला त्यांचा त्रास नाही, अशी समजूत आढळते. तिला आधार नाही. दगडाला आम्ल कोठून आले याची चौकशी नसते. शहाबादीवर पांढरा थर चढला असेल तर तो थर व खालचा दगड हे एकाच पदार्थाचे आहेत, तेव्हा एकाला खाऊन दुसऱ्याला सोडील असे कोणतेही आम्ल मिळणे शक्य नाही. तेथे ताठ ब्रश, सोड्याचे पाणी आणि हाताचे कष्ट हाच मार्ग होय. चकचकीत टाइलांना स्वतः आम्लाची भीती नाही. त्यांच्या सांधी आधी साध्या पाण्याने भरपूर भिजवाव्या, म्हणजे त्यांत आम्ल मुरत नाही. बोअरच्या पाण्याने येणारे तांबूस डाग हे लोहाचे असतात व त्यांना लिंबूफूल चालते. त्यांवर ब्लीचिंग पावडर टाकणे ही उलट चूक होय, कारण तिने लोहाचा गंज अधिकच पक्का बसतो.

आता सर्वांत गंभीर चुकीकडे वळावयाचे. ‘मावशी, थोडं अ‍ॅसिड टाका, मग पावडर टाका आणि घासून घ्या’ अशा धर्तीचे वाक्य कोणत्याही संस्थेच्या आवारात ऐकू येण्यासारखे आहे. वाक्य नम्र आहे, नात्याची हाक आहे, आदरार्थी क्रियापद आहे. आणि त्यातील सूचना प्राणघातक ठरू शकते. ब्लीचिंग पावडर हे विरंजक चूर्ण होय. त्याचे पेटंट १७९९ साली ग्लासगोच्या चार्ल्स टेनंट याने घेतले. चुन्यात क्लोरिन वायू मुरवून ते बनते. त्यास आम्ल भेटले की बांधून ठेवलेला तो क्लोरिन मोकळा सुटतो. २२ एप्रिल १९१५ रोजी ईप्र येथील रणांगणावर जर्मन सैन्याने जो वायू सोडला तो हाच. तो हवेच्या सुमारे अडीच पट जड असतो, म्हणून खाली साचतो. उभा राहून सूचना देणाऱ्यापेक्षा उकिडवे बसून भांडे घासणाऱ्या व्यक्तीच्या नाकाशी तो आधी पोहोचतो. आणि पाणी बाहेर उडू नये म्हणून दार लोटलेले असते. मूत्रातून तयार होणाऱ्या अमोनियाशी ब्लीचिंगचा संयोग झाला तर क्लोरामाइन नावाचे दाहक वायू निघतात. म्हणून भांड्यात आधी भरपूर पाणी सोडणे हे केवळ दुर्गंधीसाठी करावयाचे नसते. डोळे चुरचुरू लागले, खोकल्याची ढास लागली, तर काम पुरे करण्याचा आग्रह सोडून तत्काळ बाहेर मोकळ्या हवेत यावे, दार उघडे ठेवावे आणि वास पूर्ण जाईपर्यंत आत जाऊ नये. श्वास लागत असेल तर डॉक्टरकडे जाण्यास उशीर करू नये. या वायूचा परिणाम काही तासांनीही वाढू शकतो.

या वाक्यातील ‘टाका’ हे क्रियापद विशेष विचार करण्याजोगे आहे. स्वयंपाकघरातील मराठी किती काटेकोर आहे! चिमूटभर, पसाभर, वाटीभर. भिजत घालणे, मुरू देणे, वाफ जिरू देणे, निथळणे, वाळविणे. लोणचे ‘टाकले’ तरी ते ‘मुरले’ पाहिजे हे सर्वांना ठाऊक असते. त्याच घराच्या मोरीत पाऊल टाकताच ही सारी क्रियापदे गळून पडतात व टाकणे, ओतणे आणि घासणे एवढीच उरतात. त्यात प्रमाण नाही, क्रम नाही, अवधी नाही. जंतुनाशक द्रव ओतला आणि लगेच पाण्याने धुतला, तर पैसे व पाणी दोन्ही व्यर्थ जातात. त्याला निदान दहा मिनिटे द्यावी लागतात. तसेच मळ तसाच ठेवून त्यावर ब्लीचिंग टाकले तर त्यातील क्लोरिन मळातच खर्ची पडतो. आधी साबणाने वा सोड्याने मळ काढावा, भरपूर पाण्याने धुवावे, आणि मगच एक लिटर थंड पाण्यास १५ ग्रॅम या बेताने ताज्या ब्लीचिंग पावडरचे ताजे द्रावण पसरून ते मुरू द्यावे. ‘ताज्या’ हे विशेषण भरीचे नाही. चांगल्या पावडरीत सुमारे शेकडा ३३ उपयुक्त क्लोरिन असतो. पिशवी उघडी ठेवून ती न्हाणीघराच्या दमट खिडकीत महिनोन्‌महिने पडू दिली तर शेवटी हातात बव्हंशी चुनाच राहतो. आम्ल वापरावयाचेच असेल तर ते दुसऱ्या दिवशी; एकाच दिवशी दोन्ही नको, हा नियम लक्षात ठेवण्यास सोपा आहे.

फिनेलविषयी थोडक्यात सांगता येईल. त्याच्या वासाने स्वच्छतेची खात्री पटते, हीच त्याची अडचण होय. वासाचा संबंध नाकाशी आहे. मोरीत काय उरले आहे याचे उत्तर तो देत नाही. येथे पुन्हा शब्दांची गुंतागुंत आहे. स्वच्छ म्हणजे सु-अच्छ, नितळ, आरपार दिसणारे. निर्मळ म्हणजे मळ गेलेले. शुद्ध या शब्दाला धर्माचाराचा रंग आहे. आणि निर्जंतुक हा अलीकडचा, प्रयोगशाळेतून आलेला शब्द. हे चारही व्यवहारात एकमेकांच्या जागी वापरले जातात. चार तांबे पाणी ओतले की मोरी शुद्ध झाली अशी भावना होते. ती निर्मळ झालेली नसते. टाइल चमकली की स्वच्छ दिसते. ती निर्जंतुक नसते. आणि घरच्या मोरीत निर्जंतुकतेचा नित्य हव्यास धरण्याचे कारणही नसते. ज्या घरांना मलटाकी आहे तेथे तर मोठ्या प्रमाणात वारंवार ओतलेले फिनेल, आम्ल व ब्लीचिंग त्या टाकीत मैला कुजविणाऱ्या उपयोगी जीवाणूंचाच घात करतात. टाकीचे काम मंदावते, ती उपसण्याची वेळ लवकर येते; आणि २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांवाचून माणसास टाकीत उतरविण्यास मनाई केली असतानाही तशा मृत्यूंच्या वार्ता थांबलेल्या नाहीत.

फिनेलच्या शिंतोड्यापेक्षा कोरडेपणा अधिक गुणकारी असतो. धुऊन झाल्यावर रबरी पट्टीने पाणी मोरीकडे ओढावे, खिडकी उघडी ठेवावी, ब्रश आणि फडके उन्हात टाकावे. मराठवाड्याच्या उन्हासारखा फुकट मिळणारा सहायक असताना ओले फडके त्याच न्हाणीघराच्या नळावर वाळत घालणे, ही चूक समजण्यापलीकडची आहे. शौचकुपाचा ब्रश व न्हाणीचा ब्रश निरनिराळे असावेत. घरात भांडी दोन ठिकाणी घासणाऱ्या समाजास हे पटविणे कठीण जाऊ नये.

पिंपांचा उल्लेख वर आला. पाणी चारपाच दिवसांनी येणार असेल तर न्हाणीघरातील पिंप हे घरातील सर्वांत मौल्यवान पात्र होऊन बसते, आणि साहजिकच ते रिकामे करण्यास कोणी धजत नाही. डेंग्यूचा प्रसार करणाऱ्या एडीस डासाची मादी आपली अंडी पाण्यात न घालता पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, पात्राच्या ओल्या भिंतीस चिकटविते. ही अंडी कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात व पुन्हा पाणी चढताच उबतात. आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळावा असे आरोग्य खाते सांगते. लोक पिंप उपडे करतात, पाणी सांडतात व पुन्हा भरतात. या नावाने अर्धेच काम सांगितले जाते. पिंपाची आतली भिंत काठापासून तळापर्यंत खरबरीत ब्रशाने घासली नाही, तर अंडी जेथल्या तेथे राहतात. त्याला ‘घासण्याचा दिवस’ म्हटले असते तर अधिक उपयोग झाला असता. पाणी वाया जाण्याची भीती रास्त आहे. म्हणून पिंप तळाशी आले असेल त्या दिवशी, नवे पाणी येण्याच्या आदल्या वेळी घासावे, व तळाचे पाणी फरशी धुण्यास वापरावे. त्यावर घट्ट झाकण अथवा कापड हवे, हे सांगणे नलगे.

शेवटी बाटलीवरील मजकुराचा प्रश्न. सूचना बहुधा इंग्रजीत व हिंदीत, बारीक अक्षरांत असतात. ज्याच्या हाती ब्रश असतो त्याच्यासाठी त्या लिहिलेल्या नसतात. त्यात एक सापळा आहे. हिंदीच्या शास्त्रीय परिभाषेत ‘क्षार’ म्हणजे आम्लाच्या विरुद्ध गुणाचा, दाहक पदार्थ. मराठी पाठ्यपुस्तकांत तशा पदार्थास ‘आम्लारी’ म्हणतात व ‘क्षार’ हा शब्द आम्ल आणि आम्लारी यांच्या संयोगातून बनणाऱ्या पदार्थास, ज्याला हिंदी ‘लवण’ म्हणते त्यास, राखून ठेवतात. घरगुती मराठीत तर क्षार म्हणजे नळाच्या तोंडाशी जमलेला तो निरुपद्रवी पांढरा थर. नळी तुंबल्यावर ओतावयाच्या पुडीवर हिंदीत ‘क्षार’ असे वाचून मराठी वाचक ती सौम्य समजला, तर दोष त्याच्या साक्षरतेचा नाही. ती पुडी बहुधा कॉस्टिक सोड्याची असते आणि हाताची कातडी सोलते. या बाबतीत मराठवाड्याच्या बोलीतील ‘तेजाब’ हा शब्द उपयोगी पडावा. फारसीत ‘तेज’ म्हणजे तीक्ष्ण, ‘आब’ म्हणजे पाणी. ‘आम्ल’ या शब्दाने जिभेला केवळ आंबटपणा जाणवतो, चिंचेची आठवण होते. ‘तेजाब’ म्हटल्यावर हात आपोआप मागे येतो. परिभाषेच्या शुद्धतेसाठी ‘आम्ल’ पुस्तकात राहू द्यावे. वसतिगृहाच्या मोरीत मात्र ‘तेजाब’ लिहावे, आणि त्याखाली ‘पावडरीजवळ आणू नये’ एवढेच चार इंच उंचीच्या अक्षरांत. कागद ओलीने दोन दिवसांत सुटून पडतो; बाटल्या ठेवण्याच्या फळीच्या वर, भिंतीवर तेलरंगाने लिहिलेला मजकूर टिकतो.